शिरुई लिली

शिरुई लिली (शास्त्रीय नाव: लिलियम मॅक्लिनिए; कुल: लिलिएसी) ही भारताच्या मणिपूर राज्यातील उखरूल जिल्ह्यात, शिरुई डोंगररांगेच्या वरच्या गवताळ उतारांवर उगवणारी कंदवर्गीय, बहुवर्षायू रानवनस्पती आहे. खाली झुकलेली, घंटेच्या आकाराची, पांढरट-गुलाबी फुले हे तिचे ठळक लक्षण होय. मे महिन्याच्या मध्यापासून जूनपर्यंत तिचा मुख्य बहर असतो. मणिपूरचे राज्यपुष्प म्हणून तिला मान्यता आहे.

स्थानिक तांगखुल नागा समाजाला ही वनस्पती पूर्वापार परिचित होती. वनस्पतिशास्त्रात तिची नोंद मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास झाली. इंग्रज वनस्पती-संग्राहक फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांना ती १९४६ साली आढळली आणि १९४९ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. हे फूल जगात अन्यत्र कोठेही रुजत नाही, असे तिच्याविषयी सर्रास लिहिले जाते. हे विधान शब्दशः खरे नाही. ब्रिटनमधील थंड हवेच्या बागांत ती अनेक दशके फुलत आली आहे. तिच्या मूळ डोंगरावरील स्थिती मात्र चिंताजनक असून तेथील फुलांचे प्रमाण घटत चालल्याचे स्थानिक रहिवासी आणि अभ्यासक दोघेही सांगतात.

नाव आणि लेखनभेद

शिरुई हे उखरूल शहरापासून जवळच असलेल्या एका तांगखुल गावाचे नाव. गावामागील शिखर शिरुई काशोंग या नावाने ओळखले जाते. इंग्रजी लेखनात या नावाची शिरोई, सिरोई, सिरोही, सिर्‍होई अशी अनेक रूपे आढळतात आणि त्यामुळे मराठी वाचकाचा घोटाळा होण्याचा संभव आहे. राजस्थानातील सिरोही या गावाशी अथवा जुन्या संस्थानाशी या फुलाचा काहीही संबंध नाही. तांगखुल उच्चाराला जवळचे म्हणून ‘शिरुई’ हेच रूप अलीकडे रूढ झाले असून प्रस्तुत लेखात तेच वापरले आहे.

तांगखुल भाषेत या फुलाला ‘काशोंग तिमरावोन’ म्हणतात. तिमरावोन ही फिलावा या देवतेची कन्या. फिलावा शिरुईच्या डोंगरावर वास करते व त्याचे रक्षण करते, अशी परंपरागत श्रद्धा आहे. म्हणजे तांगखुल नावात डोंगर आणि देवकन्या दोघेही आहेत. शास्त्रीय नावातील ‘मॅक्लिनिए’ हे पद जीन मॅक्लिन या स्त्रीच्या आडनावावरून घेतले आहे. व्यक्तिनावावरून वनस्पतीचे नाव सिद्ध करताना, ती व्यक्ती स्त्री असल्यास लॅटिन व्याकरणानुसार स्त्रीलिंगी षष्ठीचा प्रत्यय लागतो. ‘मॅक्लिन हिची लिली’ असा त्या नावाचा सरळ अर्थ आहे.

अधिवास

शिरुई काशोंग शिखराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,८३५ मीटर आहे. मणिपूरची राजधानी इम्फाळ येथून ईशान्येस सुमारे ८० किलोमीटरवर उखरूल आणि तेथून पुढे शिरुई गाव लागते. गावापासून माथ्यापर्यंत दोन-तीन तासांची पायी चढण आहे. हा प्रदेश म्यानमारच्या सीमेपासून फार दूर नाही.

ही लिली साधारणतः १,७३० ते २,५९० मीटर उंचीच्या पट्ट्यात आढळते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या उंचीची कल्पना येईल. सह्याद्रीचा माथा जेथे संपतो, त्याच्याही वर या फुलाचा प्रदेश सुरू होतो. डोंगराचा खालचा भाग दाट वनाने व्यापलेला असून त्यात ऱ्होडोडेंड्रॉनचे वृक्ष आहेत. वर जाता जाता झाडी विरळ होते आणि माथ्याकडे मोकळे, तीव्र उताराचे गवताळ सडे लागतात. लिलीचे मुख्य वसतिस्थान हेच. हिवाळ्यात तेथे कडाक्याची थंडी आणि दहिवर असते, तर उन्हाळ्याच्या अखेरीपासून ढग आणि धुके माथ्यावर टेकलेले असतात. पाऊस भरपूर पडतो; परंतु उतारामुळे पाणी साचून राहत नाही. हवेतील गारवा, सततचा ओलावा आणि पाण्याचा जलद निचरा या तिन्ही गोष्टी एकत्र असणे या वनस्पतीला आवश्यक असते. पुढे तिच्या लागवडीचा प्रश्न येतो तेव्हा हीच अट निर्णायक ठरते.

बागायतीविषयक इंग्रजी साहित्यात नागालँडच्या डोंगरांतून आलेल्या या लिलीच्या एका रूपाचाही उल्लेख सापडतो. तथापि या जातीचे नाव आणि कीर्ती शिरुईशीच निगडित आहे.

वनस्पतीचे स्वरूप

शिरुई लिलीचे खोड सरळ, बारीक आणि साधारणतः एक ते तीन फूट उंच असते. उघड्या, वाऱ्याच्या जागी ती ठेंगणी राहते. गवताच्या आडोशाला किंवा बागेत तिची उंची वाढते. पाने अरुंद, भाल्याच्या पात्यासारखी असून खोडावर विखुरलेली असतात. एका खोडावर बहुधा एक ते सात फुले येतात.

फूल खाली झुकलेले असते. लिलीच्या इतर जातींप्रमाणे येथेही निदलपुंज व दलपुंज असा वेगळा भेद दिसत नाही. एकसारखी दिसणारी सहा परिदले दोन मंडलांत असतात आणि ती मिळून घंटा तयार होते. आत सहा पुंकेसर असतात. रंग पांढऱ्यापासून फिकट गुलाबीपर्यंत बदलतो आणि त्यात किंचित निळसर-जांभळट झाक असते. परिदलांच्या बाहेरच्या अंगाला आणि कळीच्या अवस्थेत गुलाबी छटा अधिक गडद दिसते. भारतात बाजारात विकल्या जाणाऱ्या, रुंद तोंडाच्या भडक लिलींशी तिची तुलना केल्यास ती लहान आणि साधी वाटेल. तिचे सौंदर्य उतारावर, धुक्यात, अनेक फुले एकत्र डोलताना पाहण्याचे आहे.

या फुलाच्या पाकळीत सूक्ष्मदर्शकाखाली सात रंग दिसतात, असे बहुतेक प्रवासवर्णनांत लिहिलेले असते. फिकट दिसणाऱ्या पाकळीतही रंगद्रव्य सर्वत्र सारखे नसते आणि पेशींच्या पृष्ठभागावरून प्रकाश विखुरतो, त्यामुळे कोणत्याही पाकळीत मोठे करून पाहिल्यास अनेक छटा दिसू शकतात. नेमके ‘सात’ हा आकडा इंद्रधनुष्याच्या ओढीने आलेला असावा. त्याला शास्त्रीय लक्षण समजण्याचे कारण नाही.

कंदाची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे, कारण या वनस्पतीच्या ऱ्हासाशी तिचा थेट संबंध आहे. स्वयंपाकघरातील कांद्यात पापुद्रे एकावर एक पूर्ण गुंडाळलेले असतात आणि बाहेरून कोरडी टरफले त्यांचे रक्षण करतात. म्हणूनच कांदा चाळीत महिनोन्‌महिने टिकतो. लिलीचा कंद तसा नसतो. तो सुट्या, मांसल खवल्यांचा बनलेला असतो आणि त्यावर संरक्षक टरफल नसते. जमिनीतून उपटल्यावर तो लवकर सुकतो, खवले सुटतात, मुळे मोडतात. प्रवाशाने हौसेने उपटून पिशवीत टाकलेला कंद घरी पोहोचेपर्यंत बहुधा निकामी झालेला असतो. दुसरीकडे, याच खवल्यांपासून योग्य परिस्थितीत लहान कंदिका तयार होऊ शकतात, आणि माळीकामात लिलीची वाढ करण्याची ती एक प्रस्थापित रीत आहे.

हिवाळ्यात जमिनीवरील भाग वाळून जातो आणि कंद सुप्तावस्थेत राहतो. वसंतानंतर नवा कोंब येतो, मे-जूनमध्ये फूल आणि पावसाळ्यानंतर बोंड. बोंडाला तीन कप्पे असतात. ते उकलले की चपट्या, कागदासारख्या हलक्या बिया वाऱ्याबरोबर पसरतात. त्यामुळे बहराच्या काळात तोडलेले प्रत्येक फूल म्हणजे त्या वर्षीच्या बियांचे एक बोंड कमी होणे होय.

शास्त्रीय नोंदीचा इतिहास

फ्रँक किंग्डन-वॉर्ड (१८८५–१९५८) हे केंब्रिज येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हॅरी मार्शल वॉर्ड यांचे पुत्र. तिबेट, वायव्य युनान, ब्रह्मदेश आणि आसाम या टापूंत त्यांनी सुमारे अर्धशतक भटकंती करून बागांसाठी बिया गोळा केल्या. हिमालयातील निळी अफू ही फुलझाडांची जाती ब्रिटनच्या बागांत स्थिरावली ती त्यांनी १९२४–२५ च्या त्सांगपो मोहिमेतून आणलेल्या बियांमुळे.

दुसऱ्या महायुद्धाने मणिपूरच्या या डोंगरांना फार जवळून स्पर्श केला होता. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य उखरूलमार्गे पुढे सरकले आणि उखरूलच्या दक्षिणेकडील सांगशाक येथे त्याला ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने अडवून धरले. या ब्रिगेडबरोबर लढलेल्या तुकड्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियनही होती. ज्या परिसरात ही लिली फुलते, तेथे दोनच वर्षांपूर्वी मराठी सैनिक लढले होते, हा संबंध मराठी लेखनात क्वचितच नोंदलेला आढळतो.

युद्ध संपल्यावर, युद्धकाळात कोसळलेल्या अमेरिकी विमानांच्या शोधाचे काम किंग्डन-वॉर्ड यांच्याकडे आले. या कामानिमित्त ते १९४६ साली मणिपूरच्या पूर्व डोंगरांत आले असता शिरुईच्या माथ्यावर त्यांना ही वनस्पती दिसली. बहराचा काळ उलटून गेला होता. हाती लागली ती वाळलेली बोंडे. फुलावाचून तिची नेमकी ओळख पटणे कठीण होते आणि प्रथम त्यांनी तिची गणना नोमोकॅरिस या लिलीशी जवळचे नाते असलेल्या प्रजातीत केली. बिया इंग्लंडला गेल्या, तेथे त्या रुजल्या आणि फुलल्या. १९४८ साली लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने या फुलाला गुणवत्ता पुरस्कार दिला. स्वतःच्या डोंगराबाहेर या वनस्पतीला मिळालेली ही पहिली कीर्ती, आणि ती नामकरणाच्याही आधीची आहे.

त्याच वर्षी किंग्डन-वॉर्ड पुन्हा मणिपूरला आले. न्यूयॉर्क वनस्पती उद्यानासाठी नमुने गोळा करण्याची ही मोहीम होती आणि यावेळी त्यांच्यासोबत पत्नी जीन होत्या. उखरूलमध्ये मुक्काम ठेवून त्यांनी ऋतुक्रमाने डोंगर पाहिला आणि लिलीला तिच्या मूळ जागी बहरात पाहिले. या वास्तव्याचे वर्णन किंग्डन-वॉर्ड यांच्या १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्लांट हंटर इन मणिपूर’ या पुस्तकात आहे.

क्यू येथील वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ रॉबर्ट सीली यांनी १९४९ साली या वनस्पतीचे वर्णन लिलियम प्रजातीतील नवी जाती म्हणून प्रसिद्ध केले. नोमोकॅरिस की लिलियम, हा प्रश्न त्यामुळे तेव्हापुरता मिटला. गंमत अशी की, अलीकडच्या आनुवंशिक अभ्यासांनी नोमोकॅरिस हीच लिलियमच्या अंतर्गत येणारी एक शाखा असल्याचे दाखवले आहे. केवळ बोंडे पाहून किंग्डन-वॉर्ड यांनी ओळखलेले साम्य अगदीच निराधार नव्हते.

जीन मॅक्लिन यांचा मुंबईशी असलेला संबंध मराठी वाचकांना विशेष वाटेल. त्यांचे वडील सर अल्बर्ट सॉर्टेन रोमर मॅक्लिन हे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. जीन यांचा किंग्डन-वॉर्ड यांच्याशी विवाह नोव्हेंबर १९४७ मध्ये झाला. लिलीला नाव देताना त्या विवाहित असूनही त्यांचे माहेरचे आडनाव योजले गेले. पतीचे आडनाव वापरले असते तर नाव कोणाच्या सन्मानार्थ आहे हे स्पष्ट झाले नसते. किंग्डन-वॉर्ड यांच्या पहिल्या पत्नी फ्लोरिंडा यांचे नावही ‘प्रिम्युला फ्लोरिंडी’ या तिबेटी फुलझाडाच्या रूपाने वनस्पतिशास्त्रात राहिले आहे. जीन या केवळ नावापुरत्या सहचारिणी नव्हत्या. पुढील मोहिमांतही त्या बरोबर होत्या. १५ ऑगस्ट १९५० रोजी आसाम-तिबेट सीमेवरील महाभूकंपाच्या वेळी ते दोघे भूकंपकेंद्राच्या अगदी जवळ, रिमा येथे होते. त्या अनुभवावर जीन यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे.

या सर्व कथनाला ‘शोध’ म्हणण्याची रीत आहे. वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत शोध म्हणजे नमुना, वर्णन आणि नाव यांची नोंद. ज्या गावाच्या गुराखी मुलांनाही हे फूल नावानिशी ठाऊक होते, त्या गावाच्या दृष्टीने १९४६ साली काही नवीन सापडले नव्हते. म्हणून लेखनात ‘किंग्डन-वॉर्ड यांनी शास्त्रीय नोंदीस आणले’ असा प्रयोग अधिक उचित ठरतो.

लोकपरंपरेतील स्थान

तांगखुल समाजातील बहुसंख्य लोक आज ख्रिस्ती आहेत. फिलावा आणि तिमरावोन यांच्या कथा तरीही लोप पावलेल्या नाहीत. लोककथा म्हणून त्या सांगितल्या जातात. डोंगर हे देवतेचे निवासस्थान आणि फूल हे तिच्या कन्येचे रूप, अशा समजुतीचा एक व्यावहारिक परिणाम होत असे. शिखरावरचे फूल सहज खुडावे किंवा कंद उकरावा, अशी ती वस्तू राहत नसे. सह्याद्रीतील देवराया अशाच श्रद्धेमुळे टिकल्या, हे मराठी वाचकांना सांगावयास नको. राज्यपुष्पाचा मान मिळाल्यापासून या फुलाचे चित्र सरकारी फलकांपासून विणलेल्या शालींपर्यंत सर्वत्र दिसते. इम्फाळ खोरे आणि सभोवतालचे डोंगर यांतील समाज अनेक प्रश्नांवर परस्परांपासून दूर असले, तरी हे पुष्पचिन्ह दोन्हीकडे आपले मानले जाते.

अन्यत्र न रुजण्याची समजूत

शिरुईबाहेर नेलेले रोप जगत नाही, ही समजूत मणिपूरमध्ये सार्वत्रिक आहे आणि तिच्यामागे अनुभव आहे. इम्फाळ खोऱ्याची उंची ८०० मीटरहूनही कमी आहे. तेथील उन्हाळ्यात, साचणाऱ्या पाण्याच्या जमिनीत, आधीच दुखावलेला कंद लावला तर तो कुजणार हे उघड आहे. अशा असंख्य फसलेल्या लागवडींतून ‘हे फूल आपली भूमी सोडत नाही’ हा भाव निर्माण झाला आणि पर्यटनाच्या लेखनाने त्याला वस्तुस्थितीचे रूप दिले.

वास्तविक १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ही लिली ब्रिटनमध्ये लागवडीत आहे. तेथेही ती सर्वत्र साधत नाही. दक्षिण इंग्लंडच्या कोरड्या उन्हाळ्यापेक्षा स्कॉटलंडची थंड, दमट हवा तिला मानवते आणि तेथील बागांत ती चांगली फुलते. तेथील माळी कंदांपेक्षा बियांवर भर देतात. बियांपासून रोपे सहज होतात. शिवाय लिलीच्या कंदांबरोबर विषाणुरोग पसरतात, तसे ते बियांबरोबर सहसा पसरत नाहीत.

ही बाब नोंदवण्यामागे स्थानिक श्रद्धेला बाधा आणण्याचा हेतू नाही. ‘फूल कोठेच रुजत नाही’ असे मानल्यास मूळ डोंगराबाहेर तिचे जतन करण्याचे प्रयत्नच व्यर्थ ठरतात. याउलट ‘स्कॉटलंडमध्ये ती आहेच’ असे म्हणून निश्चिंत होणेही तितकेच चुकीचे आहे. मोजक्या बोंडांतील बियांपासून वाढलेली बागेतील संतती म्हणजे डोंगरावरील समूहाची सारी विविधता नव्हे. आणि ज्या गवताळ उतारावर ती इतर शेकडो वनस्पती, कीटक व पक्षी यांच्या संगतीत वाढते, तो उतार बागेत नेता येत नाही. मणिपूरमध्ये ऊतीसंवर्धनाने, म्हणजे वनस्पतीच्या ऊतीचे तुकडे प्रयोगशाळेत वाढवून, रोपे तयार करण्याचे आणि ती डोंगरावर पुन्हा लावण्याचे प्रयोग झाले आहेत. अशा रोपांचे यश प्रयोगशाळेपेक्षा लावणीनंतरच्या पहिल्या काही हिवाळ्यांवर अवलंबून असते.

ऱ्हासाची कारणे

ऱ्हासाचे सर्वांत गंभीर कारण बहुधा बाहेरून येणाऱ्यांच्या दृष्टीस पडत नाही. माथ्यावरील मोकळ्या गवताळ जागेत ठेंगण्या रानटी बांबूची बेटे पसरत आहेत. हा बांबू जमिनीखालील आडव्या खोडांनी पुढे सरकतो. एकदा जाळे घट्ट झाले की खालच्या जमिनीवर प्रकाश पोहोचत नाही आणि लिलीच्या बीला रुजण्यास मोकळी माती उरत नाही. जुना कंद काही वर्षे तग धरतो, पण नवी पिढी उभी राहत नाही. वरून पाहणाऱ्याला डोंगर पूर्वीसारखाच हिरवा दिसतो, म्हणून हा बदल लवकर लक्षात येत नाही. बांबू छाटल्याने तो संपत नाही. भूमिगत खोड शिल्लक राहिल्यास पुढच्या पावसात नवे कोंब येतात. छाटणीचे काम त्यामुळे वर्षानुवर्षे करीत राहावे लागते.

दुसरे कारण म्हणजे फुले तोडणे आणि कंद उपटणे. यास बंदी आहे, फलक आहेत, गावातील स्वयंसेवक बहराच्या दिवसांत वाटेवर उभे असतात. तरीही ‘एकच’ फूल नेणारे अनेक असतात. तिसरे कारण वणवा. कोरड्या हिवाळ्यात गवत पेटल्यास आग उताराने झपाट्याने वर चढते. याखेरीज माथ्यावर पडणारे प्लॅस्टिक, पायवाटा सोडून चालल्याने उतारावर होणारी धूप आणि खालच्या वनातील वृक्षतोड यांचाही उल्लेख करावा लागतो. हवामान हळूहळू उष्ण होत असताना थंड हवेच्या वनस्पती अधिक उंचीकडे सरकतात, असे जगातील अनेक पर्वतांत आढळले आहे. शिरुईवर त्यासाठी फारशी जागा नाही. डोंगर २,८३५ मीटरवर संपतो.

संरक्षण आणि जमिनीचा प्रश्न

शिरुईचा परिसर राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित करण्याचा निर्णय १९८२ साली झाला. कागदावर हा उपाय सरळ वाटतो. पण मणिपूरच्या डोंगरी भागात जमीन परंपरेने गाव, कुळे आणि कुटुंबे यांच्या मालकीची असते आणि गावाचा कारभार गावप्रमुख व ग्राम प्राधिकरण यांच्याकडे असतो. राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्यात चराई, लाकूडफाटा, शेती यांवर कडक निर्बंध येतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी डोंगर राखला त्यांचेच हक्क त्यामुळे संपुष्टात येतील, ही गावकऱ्यांची हरकत राहिली आणि उद्यानाची प्रक्रिया दीर्घकाळ रेंगाळली. महाराष्ट्रात अभयारण्यांच्या सीमेवरील गावांत असेच वाद झाले आहेत, तेव्हा हा प्रश्न केवळ ईशान्य भारताचा म्हणता येणार नाही.

प्रत्यक्षात आज डोंगराची राखण बव्हंशी गावाच्याच हातून होते. वाटेवरील पहारा, कचरा खाली आणणे, आग लागू नये म्हणून पट्टे साफ ठेवणे आणि बांबूची छाटणी या कामांत शिरुई गावातील तरुण व संघटना भाग घेतात. वनविभागाचे साहाय्य त्याला मिळते. गावाला वगळून केलेली कोणतीही योजना येथे चाललेली नाही.

शिरुई लिली महोत्सव

फुलाच्या बहरकाळात उखरूल येथे शिरुई लिली महोत्सव भरतो. २०१७ पासून मणिपूर शासनाच्या पर्यटन विभागातर्फे तो राज्य पातळीवर साजरा होऊ लागला. लोकनृत्ये, तांगखुल विणकाम, स्थानिक खाद्यपदार्थ, खेळ आणि रॉक संगीताचे कार्यक्रम हे त्याचे प्रमुख भाग आहेत. उखरूलमध्ये रॉक संगीताची आवड मोठी आहे. मे २०२३ मध्ये राज्यात उसळलेल्या हिंसाचारामुळे २०२३ आणि २०२४ साली महोत्सव झाला नाही. मे २०२५ मध्ये तो पुन्हा भरवण्यात आला.

महोत्सवामुळे डोंगरातील कुटुंबांना उत्पन्न मिळते आणि फुलाविषयी जाणीव वाढते, हे खरे. परंतु बहराचा पंधरवडा हाच या वनस्पतीच्या वर्षातील सर्वांत नाजूक काळ असतो, आणि नेमकी तेव्हाच सर्वाधिक पावले उतारावर पडतात. कार्यक्रमाचे मुख्य स्थळ उखरूल शहरात ठेवणे, माथ्यावर जाणाऱ्यांची संख्या व वाट नियंत्रित करणे असे मार्ग त्यावर सुचवले व काही अंशी अवलंबले गेले आहेत.

भारतातील इतर लिली आणि मराठीतील ‘लिली’

लिलियम प्रजातीत सुमारे शंभर जाती असून त्या उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण भागांत आढळतात. भारतात त्यांपैकी थोड्याच जाती आहेत. पश्चिम हिमालयातील लिलियम पॉलिफायलम ही आयुर्वेदातील अष्टवर्गापैकी क्षीरकाकोली मानली जाते. च्यवनप्राशासारख्या कल्पांसाठी तिचे कंद खणून काढल्याने ती अतिसंकटग्रस्त झाली आहे. शिरुई लिलीला असा औषधी बाजार नाही, ही तिच्या बाबतीत दिलासा देणारी गोष्ट होय. दक्षिणेत निलगिरी आणि पळणी डोंगरांत लांब, पांढऱ्या कर्ण्यासारख्या फुलांची निलगिरी लिली आढळते.

महाराष्ट्रात खरी रानलिली, म्हणजे लिलियम प्रजातीची नैसर्गिकरीत्या वाढणारी जाती, आढळत नाही. बोलण्यात मात्र पावसाळ्यात फुलणाऱ्या अनेक कंदवनस्पतींना ‘लिली’ म्हटले जाते. त्यांपैकी नागदवणा ही अमारिलिडेसी कुलातील आहे. कळलावीची गणना पूर्वी लिलिएसी कुलात होत असे. आता ती कोल्चिकेसी कुलात केली जाते.